गोळी मिळते, उपचार मिळत नाही



पारगावच्या बैठकीचा विषय ठरला होता घराच्या उताऱ्यावर बाईचे नाव लावण्याचा. दुपारची वेळ, पंधरा-सोळा जणी जमलेल्या. अर्ज कसा करायचा हे सांगणे चालू असताना भिंतीला टेकलेल्या एक मावशी बसल्या जागी पेंगल्या आणि एकच हशा पिकला. मावशी ओशाळल्या नाहीत. कनवटीच्या पिशवीतून त्यांनी गोळ्यांच्या पाकिटाचा तुकडा काढून आमच्या हातात दिला. कात्रीने कापलेला, तीन गोळ्या उरलेला. औषधाचे नाव छापलेला भाग दुकानातच कापून राहिलेला. "ही घेतली तर डोळा लागतो, नाही घेतली तर रातभर आढ्याकडं बघायचं," त्या म्हणाल्या. किती दिवस घेताय, असे विचारल्यावर त्यांनी मालक वारले तेव्हापासूनचा हिशेब केला. सात वर्षे झाली होती.

मग आणखी चौघींनी सांगितले की आम्हीही घेतो. एक अर्धी घेते, एक सणासुदीला दोन. एकीला ती जावेने दिली होती. उताऱ्याचा विषय त्या दिवशी तसाच राहिला.

हे पारगाव आंबेगाव तालुक्यातले, भीमाशंकर साखर कारखान्याचे. जुन्नर तालुक्यात आळ्याच्या बाजूला दुसरे पारगाव आहे. तिथल्या मैत्रिणींनी रुसू नये, कारण हे लिहिणे त्यांच्याबद्दलही आहे. दोन्ही गावांच्या आजूबाजूला ऊस आहे, उसात बिबट्या आहे आणि घराघरांत रात्री जाग्या असलेल्या बाया आहेत.

झोप न येणे हे दुखणे आहे असे आपल्याकडे कोणी मानत नाही. पुरुषाला झोप लागली नाही तर घर कुजबुजत चालते. बाईला लागली नाही तर "दिवसा काम कमी पडतं वाटतं" असे ऐकावे लागते. प्रत्यक्षात जगभरच्या पाहण्यांत निद्रानाशाची तक्रार पुरुषांपेक्षा बायांमध्ये सुमारे दीडपट आढळते. बाळंतपण, पाळी जाण्याचा काळ, घरातली आजारपणे, मनावरचे ओझे अशी त्याची कारणे आहेत. पाळी जाताना अंगातून वाफा येतात, घामाने अंग भिजते आणि दोन वाजता जाग येते ती येतेच. याला नाव आहे आणि यावर उपचारही आहे, हे आपल्यापैकी फार थोड्याजणींना कोणी सांगितले असेल.

उपचार म्हणजे गोळी नव्हे. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये आणि युरोपातल्या निद्रातज्ज्ञांनी २०१७ मध्ये स्पष्ट म्हटले की महिनोन्महिने चाललेल्या निद्रानाशावर पहिला उपचार सवयी आणि विचार बदलण्याचा असावा. गोळीचा विचार त्यानंतर, तोही थोड्या दिवसांसाठी. म्हणजे पारगावात जो क्रम चालतो त्याच्या नेमका उलटा. आपल्याकडे गोळी पहिली, शेवटची आणि कायमची. दुसरा काही उपचार असतो हे रुग्णाला कळतही नाही. मागायचे तरी काय?

म्हणून तो उपचार इथे जरा सविस्तर सांगतो. त्यात गूढ काही नाही.

सुरुवात वहीने होते. एक-दोन आठवडे रोज सकाळी लिहायचे: अंथरुणाला पाठ किती वाजता टेकली, डोळा अंदाजे कधी लागला, रात्री किती वेळा जाग आली, उठलो कधी. घड्याळाकडे सारखे बघायचे नाही, अंदाज पुरतो. आता समजा एक बाई नऊला आडवी होते आणि पाचला उठते, पण वही सांगते की झोप झाली पाचच तास. उरलेले तीन तास ती कूस बदलते, उद्याचे मोजते, झालेले उगाळते. आपली नेहमीची समजूत अशी की झोप कमी पडते तर लवकर आडवे व्हावे. उपचार उलटे सांगतो. अंथरुणावरचा वेळच कमी करायचा. या बाईने साडेअकराला झोपायला जायचे आणि पाचला उठायचे, झोप लागो वा न लागो, सणवार असो वा नसो. दुपारी पडायचे नाही. पहिले दहा-बारा दिवस फार जड जातात, अंग मोडून येते. पण झोपेची भूक साठत जाते आणि तुकड्या-तुकड्यांची झोप एकसंध होऊ लागते. अंथरुणावरच्या वेळातला शेकडा ८५ हून अधिक वेळ झोपेत जाऊ लागला की आठवड्याला पंधरा मिनिटे वाढवायची. पाच तासांच्या खाली मात्र कधी उतरायचे नाही. आर्थर स्पीलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीत १९८७ मध्ये मांडली.

दुसरी रीत त्याआधीची, १९७२ मधली, रिचर्ड बूटझिन यांची. अंथरूण झोपेसाठीच ठेवायचे. तिथे निवडणे-टिपणे नाही, फोन नाही, भांडण नाही, हिशेब नाही. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असे वाटले तर उठून दुसरीकडे बसायचे आणि डोळे जड झाले की परत यायचे. महिनोन्महिने जागून काढलेल्या अंथरुणाची आणि जागेपणाची गाठ पडलेली असते. पाठ टेकली की डोके चालू होते. ती गाठ सोडवायची. जोडीला, "आज झोपले नाही तर उद्या मी मरेन, काम होणार नाही, सासू बोलेल" या विचारांची समोर बसून उलटतपासणी होते. चार ते आठ भेटींत हे सगळे बसते.

याने किती फरक पडतो? २०१५ मध्ये २० चाचण्या एकत्र करून पाहिले गेले. झोप लागायला सरासरी १९ मिनिटे कमी लागली आणि मध्यरात्रीचे जागेपण २६ मिनिटांनी घटले. आकडे फार मोठे नाहीत, हे मान्य. पण उपचार संपल्यावरही फायदा टिकला, आणि गोळीची गोष्ट नेमकी इथेच वेगळी पडते. गोळी थांबली की तिचा गुण थांबतो, अनेकदा झोप आधीपेक्षा जास्त बिघडते आणि बाईला वाटते की आपल्याला गोळीशिवाय गत्यंतर नाही.

"रात्री दूध प्या, चहा बंद करा, पाय कोमट पाण्याने धुवा" असले सल्ले म्हणजे हा उपचार नव्हे, हेही इथे सांगून टाकू. दूध जरूर प्यावे, मिळत असेल तर. पण जुनाट निद्रानाशावर नुसते हे सल्ले पुरे पडत नाहीत असे अमेरिकेच्या निद्रावैद्यक अकादमीने २०२१ मध्ये म्हटले आहे. आपल्या मासिकांच्या आरोग्य सदरांतून मात्र हेच सल्ले वर्षानुवर्षे छापून येतात. आमच्याही आले असतील.

गोळीबद्दल लिहिताना आम्हाला जपून लिहावे लागते. गोळी घेणाऱ्या बाईला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. ज्या रात्री नवऱ्याचे प्रेत घरातून निघाले त्या रात्री कोणी गोळी दिली असेल तर ती दयाच होती. चूक पुढे झाली, जेव्हा सात वर्षांत एकाही डॉक्टरने "अजून घेताय का?" एवढे विचारले नाही. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम या गोळ्या अनुसूची एच-१ मध्ये आहेत. त्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि मार्च २०१४ पासून दुकानदाराने घेणाऱ्याचे व डॉक्टरचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची असते. कापलेल्या पाकिटावरचे नसलेले नाव त्या कायद्याबद्दल काय ते सांगतेच. वय वाढते तसा धोकाही वाढतो. या गोळ्यांनी तोल जातो, रात्री लघवीला उठलेली बाई पडते, खुब्याचे हाड मोडते, विसरायला होते आणि घरचे म्हणतात की म्हातारपण आले.

आणि हे वाचून कोणी उद्यापासून गोळी एकदम बंद करू नये, ही कळकळीची विनंती. बरेच दिवस घेतलेली गोळी अचानक सोडली तर हातपाय कापणे, घाबरे होणे, क्वचित फेफरे येणे असे होऊ शकते. ती डॉक्टरच्या देखरेखीखाली आठवड्या-आठवड्याने कमी करायची असते.

१९८० च्या दशकात गरोदरपण तपासण्यासाठी म्हणून बायांना हार्मोन्सच्या जबर मात्रेची ईपी औषधे सर्रास दिली जात. तेव्हा देशभरच्या स्त्री-संघटनांनी आणि आरोग्य चळवळीने ती बंद करण्यासाठी लढा दिला. नेट-एन इंजेक्शनाविरुद्ध १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या त्याही स्त्री-संघटनाच. बाईच्या शरीरात काय घातले जाते याचा जाब विचारण्याची परंपरा आपली आहे. झोपेच्या गोळीचा जाब मात्र आपण कधी विचारला नाही. ती जबरदस्तीने टोचली जात नाही, बाई स्वतः दुकानात जाऊन मागते, म्हणून असेल कदाचित.

आता आमच्या बैठकीतल्या एका वहिनींनी विचारलेला प्रश्न. उपचार ऐकून त्या म्हणाल्या, "झोप नाही आली तर दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचं म्हणता. दुसरी खोली कुठली?"

दोन खोल्यांचे घर, आत सासू-सासरे, बाहेर मुले, मध्ये आम्ही. ओट्यावर बसावे तर दहा पावलांवर ऊस. जुन्नर वन विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे चार तालुके येतात. कुकडी प्रकल्पाच्या धरणांचे पाणी आले, ऊस आला आणि उसाच्या आडोशाला बिबट्याची मादी पिल्ले घालू लागली. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांत तीन जीव गेले. त्यांत दोन लेकरे होती आणि एक आजी. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. अशा गावात कुत्रे भुंकले की आई जागी होते, आणि ते जागे होणे आजार नव्हे. तिला कोणी "विचार बदला" म्हणून सांगायला आले तर तो उपचाराचा अपमान ठरेल आणि तिचाही. पिंजरे, दिवे, घराभोवती जाळी, उजेडात पाणी देता येईल अशी वीज हा तिच्या झोपेचा पहिला उपचार आहे.

विजेचे बघा. शेतीपंपांची थ्री-फेज लाइट आपल्याकडे वर्षानुवर्षे पाळीपाळीने येत आली, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की दारे धरायला मालक जातो आणि तो परत येईपर्यंत बाई जागी असते. कित्येक घरांत तीच बॅटरी घेऊन बरोबर जाते. नवरा नसलेल्या घरात एकटीच जाते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये जाहीर झाली, २०२३ मध्ये तिचा पुढचा टप्पा निघाला, काही भागांत दिवसाची वीज मिळूही लागली. सगळ्या शिवारांत मिळाली असती तर ती वहिनी दुसऱ्या खोलीबद्दल एवढी चिडली नसती. दिवसाच्या विजेची मागणी आजवर शेतकऱ्याची म्हणून मांडली गेली. ती बाईच्या झोपेचीही मागणी आहे हे कुठल्या निवेदनात लिहिलेले आम्ही पाहिले नाही.

याचा अर्थ दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. एका बाईला झोपायला वेळ आहे, जागा आहे, तरी झोप येत नाही. दुसरीला झोपायलाच मिळत नाही. पहिलीला वर सांगितलेला उपचार लागू पडतो. दुसरीला तो देणे म्हणजे उपाशी माणसाला जेवणाच्या वेळा पाळायला सांगण्यासारखे आहे. सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर पाहणीप्रमाणे घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटे बिनपगारी घरकामात घालवते आणि घरकामात हात घालणारा पुरुष ८८ मिनिटे. शेवटचे भांडे पालथे घालून झोपणारी तीच आणि पाण्याच्या वेळेला पहिली उठणारीही तीच. तिच्या वहीत झोपेचे पाच तास लिहिलेले असतील, पण अंथरुणावरचेही पाचच असतील. वही नीट वाचणाऱ्याला हा फरक पहिल्या आठवड्यातच दिसतो. दोन मिनिटांत गोळी लिहिणाऱ्याला तो कधीच दिसणार नाही.

तिसरीही एक आहे. तिची झोप दाराकडे कान लावून असते, कारण तो किती पिऊन येईल आणि आल्यावर काय करील ते सांगता येत नाही. या बाईला झोपेची गोळी देणे आम्हाला सर्वांत जास्त खटकते. तिला गाढ झोपवून ठेवणे धोक्याचे असू शकते. तिच्यापाशी बसून विचारायचा प्रश्न झोपेचा नसतोच, पण झोपेची तक्रार हे तिने उघडलेले दार असते. मार खाते असे ती दवाखान्यात सांगणार नाही, झोप येत नाही एवढे सांगेल. ऐकणारे माणूस तयारीचे असेल तर पुढचे बोलणे होईल.

कारखान्याचा हंगाम सुरू झाला की पारगावच्या माळावर कोप्या उभ्या राहतात. बीड, अहिल्यानगरकडून आलेली जोडपी. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल डोक्यावर. बाई पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापते, दिवसभर फडात मोळ्या बांधते आणि गाडी रात्री आली तर रात्री भरते. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पिशवीबरोबर बीजकोशही काढले गेले असतील तर पस्तिशीतच पाळी जाण्याची सगळी लक्षणे अंगावर येतात, रात्रीच्या वाफांसकट. या बायांना अंथरुणावरचा वेळ कमी करा असे कोणी सांगू नये. झोप अपुरी असताना हातात कोयता असतो. त्यांचा प्रश्न मोठा आहे, या पानात मावणार नाही, पण पारगावच्या झोपेबद्दल लिहिताना त्यांना वगळणेही शक्य नव्हते.

तर पहिल्या बाईकडे परत येऊ, कारण तिची संख्या कमी नाही आणि तिच्यासाठी करता येण्यासारखे पुष्कळ आहे. मावशींचेच उदाहरण घ्या. मुले पुण्याला, घरात एकट्या, वेळ आहे, अंथरूण आहे, झोप नाही. त्यांनी उपचार शोधायला निघायचे तर कुठे? मानसिक आजारांचे तज्ज्ञ आपल्या देशात लाख लोकांमागे एकही भरत नाही, आणि जे आहेत ते शहरांत. पुण्याला जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी, एसटीचे भाडे, फी आणि बरोबर कोणीतरी. हे एकदा जमेल. सहा वेळा जमणार नाही. वरून "वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला?" हा गावचा प्रश्न आहेच. इंग्लंडमध्ये २०२२ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्य-सल्लागार संस्थेने मोबाइलवरून स्वतः शिकण्याचा असा एक कार्यक्रम सुचवला. तो चांगलाही असेल. पण इंग्रजीतला, आणि आपल्याकडे घरातला चांगला फोन मुलाच्या हातात.

पण तज्ज्ञच हवा असे कोणी सांगितले? इंग्लंडमध्येच ६४२ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. साध्या दवाखान्यांतल्या नर्सनी थोडे प्रशिक्षण घेऊन अंथरुणावरचा वेळ कमी करण्याची रीत चार आठवड्यांत शिकवली आणि ती लागू पडली. अमेरिकेत पाळी जाण्याच्या वयातल्या १०६ बायांवरच्या, २०१६ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात तर भेटही नव्हती. आठ आठवड्यांत सहा फोन, बस्स. वाफा चालू असतानाही झोप सुधारली.

हे तिकडचे झाले म्हणाल, तर आपल्या जवळचे सांगतो. गोव्यात संगाथ संस्थेने डॉक्टर नसलेल्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना तयार केले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यांच्याकडून उदासीनतेवर बोलण्याचा उपचार दिला. २०१७ मध्ये त्याचे निकाल आले, रुग्णांना स्पष्ट गुण आला होता. आपल्या अमरावती जिल्ह्यात विश्राम नावाच्या कार्यक्रमाने तीस गावांत असेच गावपातळीवरचे कार्यकर्ते घेऊन काम केले. उदासीनतेने त्रासलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणारे आधी शेकडा ४.३ होते, ते शेकडा २७.२ झाले. ही दोन्ही कामे उदासीनतेवरची होती, झोपेवरची नव्हेत, हे लक्षात ठेवूनही त्यांतून एवढे कळते की कोकणी-मराठी बोलणाऱ्या, गावात राहणाऱ्या बाईला बोलण्याचा उपचार शिकवता येतो आणि गाव तो घेते. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून कमी शिकलेल्या, काही तर अजिबात न शिकलेल्या बायांना गावाच्या आरोग्याची जबाबदारी देऊन हेच दाखवले होते.

आज उपकेंद्रांना आयुष्मान आरोग्य मंदिराची पाटी लागली आहे. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमायचा आणि त्याने मानसिक आरोग्याचेही बघायचे, असे कागदावर आहे. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, तो फुकट आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ चे कलम १८ सांगते की परवडणारी, जवळ असणारी, पुरेशी मानसिक आरोग्यसेवा शासनाकडून मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. निव्वळ निद्रानाश त्या कायद्याच्या व्याख्येत बसतो की नाही यावर वकील वाद घालतील. घालू देत. बहुतेकवेळा तो एकटा येतही नाही, त्याच्यामागे उदासीनता किंवा भीती उभी असते.

तेव्हा आमचे मागणे साधे आहे आणि ते आम्ही तालुका आरोग्य अधिकाऱ्यांपासून पुढे लावून धरणार आहोत. उपकेंद्रातल्या अधिकाऱ्याला व नर्सला हा चार भेटींचा उपचार मराठीत शिकवावा. झोपेची वही चित्रांची असावी, चंद्र-सूर्य काढलेली, म्हणजे निरक्षर बाईलाही भरता येईल. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस जुन्या गोळ्या हळूहळू सोडवण्यासाठी ठेवावा. टेली-मानसवर एकदा धीर देऊन फोन ठेवण्याऐवजी त्याच बाईला ठरलेल्या दिवशी परत फोन जावा, सहा वेळा. जी बाई जोराने घोरते आणि झोपेत श्वास अडकून दचकून उठते, जिला फेफरे येते, किंवा जिचे मन कधी अतिशय चढते व कधी अतिशय पडते, तिला या उपचाराआधी डॉक्टरने तपासलेच पाहिजे, हेही प्रशिक्षणात असावे.

आशाताईंचे नाव आम्ही मुद्दाम घेतलेले नाही. कोणतीही चांगली कल्पना निघाली की ती आशाच्या डोक्यावर ठेवायची आणि मानधनाचे नंतर बघू म्हणायचे, हे आता पुरे झाले. त्या २०२१ मध्ये संपावर गेल्या, पुन्हा २०२३ मध्ये गेल्या, ते उगाच नाही. त्यांना हे काम द्यायचे असेल तर त्याचे पैसे आधी ठरवा.

आणि त्या वहिनींच्या दुसऱ्या खोलीचे काय? त्यावरही वाट आहे. उठून जायला जागा नसेल तर आहे तिथेच उठून बसावे, गोधडी बाजूला सारावी, पाठ भिंतीला लावावी, झोपायचा प्रयत्न सोडून द्यावा आणि डोळे जड झाले की मगच गोधडी ओढावी. मुद्दा पडून राहून झुंजत बसण्याचा हट्ट सोडण्याचा आहे. वहिनींना हे पटले असे वाटले. मावशींनी विचारले, "साडेअकरापर्यंत एकटीनं करू काय?" तेव्हा शेजारच्या दोघींनी सांगितले की दहापर्यंत आम्ही तुमच्याकडे येऊन बसू. पुढच्या दीड तासाचे अजून ठरायचे आहे. गोळीसाठी मावशींना आम्ही मंचरला घेऊन जाणार आहोत.

हा अंक हाती पडल्यावर चौदा दिवस वही ठेवून पाहा आणि आम्हाला पाठवा. पाठ कधी टेकली, डोळा कधी लागला, जाग किती वेळा आली, उठलात कधी हे चार रकाने. पाचवा रकाना आमचा आहे, डॉक्टरांच्या वहीत तो नसतो: कशाने किंवा कोणी उठवले. पाणी, लाइट, मूल, सासरे, कुत्रे, नवरा, वाफा, काही नाही, जे असेल ते लिहा. नाव घातले नाही तरी चालेल, गावाचे नाव घाला. लिहिता येत नसेल तर नातीकडून लिहून घ्या. गोळी घेत असाल तर तिचे नाव पाकिटावरून जसेच्या तसे उतरवा, आणि नावाचा भाग कापलेला असेल तर तसे कळवा.